रंगाची पट्टी पन्नासवर

(दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवणारी एक खोली. ताई स्क्रीनसमोर बसली आहे. तिचा धाकटा भाऊ बाबू भट्टीपाशी उभा आहे. कंप्युटर दुरुस्तीवाला टेबलाखालून वायरी तपासून नुकताच वर आला आहे. दुपारचे बारा.)

ताई : नाही. स्क्रीन अजून फिकीच आहे.

दुरुस्तीवाला : आत्तासुद्धा? वायर तर बदलली मी. आणि तो नाइट लाइटही बंद केला. तो चालू राहिला की सगळं पिवळट दिसतं.

ताई : पिवळट नाही रे झालेली. पिवळट झाली असती तर मी काय म्हणाले असते? माझं अर्धं आयुष्य पिवळ्यातच गेलंय. ही धुऊन काढल्यासारखी झालीये. सगळे दात एकाच घरचे दिसतायत.

बाबू : मग अपडेटनंच केलंय हे, अजून काय. ते अपडेट काढून टाक आणि मोकळा हो.

दुरुस्तीवाला : काढता येईल बाबूशेठ, पण दोन तास मोडतील त्यात. आणि चार दिवसांनी ते पुन्हा येऊन बसेल. त्यापेक्षा आधी कारण शोधू.

बाबू : कारण घेऊन काय लोणचं घालायचंय? पूर्वीसारखं दिसायला लागलं की झालं.

ताई : त्याच्यावर कशाला खेकसतोस? सकाळपासून बघतेय, नुसता येरझाऱ्या घालतोयस. तू सांग रे, तुला काय विचारायचंय ते.

दुरुस्तीवाला : नक्की कधी लक्षात आलं तुमच्या?

ताई : आज सकाळी. काल संध्याकाळी मी निघाले तेव्हा अपडेट सुरू झालं होतं. बंद करू नका असं लिहून आलं होतं. म्हटलं होऊ दे बाबा, नाही बंद करत. सकाळी येऊन बसले, आजच्या दाताचा फोटो उघडला. दोन दात शेजारी शेजारी, आणि मला फरक कळेना.

दुरुस्तीवाला : दोन दात म्हणजे?

ताई : हे बघ इथे. डावीकडचा रुग्णाचा खरा दात. उजवीकडे डॉक्टरांनी चिमट्यात धरलाय तो नमुन्याचा. नमुन्यावर नंबर असतो. खरा दात त्या नमुन्यापेक्षा किती पिवळा, किती राखाडी, तळाशी तांबूस आहे का, टोकाला निळसर झाक आहे का, एवढं मी बघते. त्याप्रमाणे पावडरी मिसळते आणि थरावर थर देऊन दात चढवते. मग बाबू तो भट्टीतून काढून शेवटचा हात फिरवतो. बत्तीस वर्षं हेच केलंय. आधी हातात भिंग घेऊन, आता या मशीनवर.

दुरुस्तीवाला : आणि आज काही घाईचं आहे का?

ताई : चार वाजता हाच दात जायचाय. एका बाईचा पुढचा दात आहे, अगदी मधला. ती चार वाजता खुर्चीत बसणार, डॉक्टर बसवणार, आणि ती आरशात बघणार. मागचा दात असता तर उन्नीस-बीस चाललं असतं. पुढच्याला चालत नाही.

दुरुस्तीवाला : बरं. मग एक सांगा, तुम्ही सगळं काळ्या पार्श्वभूमीवर का ठेवलंय? हा डार्क मोड नवीन अपडेटमध्ये कधीकधी गडबड करतो. पांढऱ्यावर घेऊन बघू या का?

ताई : पांढरं नको.

दुरुस्तीवाला : एक मिनिटभर फक्त.

ताई : नको म्हटलं ना. पांढरं लावलं की सुया टोचतात. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागतं. म्हणून तर काळं करून घेतलं.

दुरुस्तीवाला : हे कधीपासून होतंय?

बाबू : अरे दिवसभर मशीनसमोर बसल्यावर कोणाला होत नाही? तुला नाही होत? तू तुझं काम बघ ना.

दुरुस्तीवाला : कामच बघतोय, बाबूशेठ. ताई, एचडीआर म्हणून एक बटण असतं. अपडेटनंतर ते आपोआप चालू होतं आणि मग साधे फोटो मरगळतात. ते बघतो. नाही, ते बंदच आहे. आता उजेड कमीजास्त होण्याचं बघू. तेही बंद. मग राहिली ती रंगांची फाइल. प्रत्येक स्क्रीनची एक असते, ती उडाली असेल तर मी कंपनीची मूळची टाकतो. थांबा. टाकली. आता?

ताई : काही झालं का?

दुरुस्तीवाला : झालं की. मला तर चांगला फरक दिसतोय.

ताई : मला नाही.

बाबू : मी काय म्हणतो, तुम्ही दोघं खाली जाऊन चहा घेऊन या. तिला सकाळपासून चहा नाही. तोवर मी जरा मशीनवर बसतो.

ताई : तू? मशीनवर? तुला फाइल सापडत नाही म्हणून दिवसातून चारदा मला हातातलं काम टाकून उठवतोस. तू काय दिवे लावणार आहेस?

बाबू : नाही, तसं नाही. म्हटलं बघून ठेवतो.

ताई : तू भट्टी बघ. ती बघणं जमतं तुला.

दुरुस्तीवाला : ताई, आपण असं करू. हा फोटो मी माझ्या लॅपटॉपवर घेतो. माझ्या लॅपटॉपला कालपरवा कुठलंही अपडेट झालेलं नाही, आणि स्क्रीन चांगली आहे. तिथे रंग नीट दिसले तर तुमच्या स्क्रीनचा दोष. म्हणजे मला कळेल कुठे हात घालायचा.

बाबू : त्याच्या लॅपटॉपवर कशाला? तो लहान आहे. लहान स्क्रीनवर दात काय दिसणार तिला.

दुरुस्तीवाला : मोठा करून दाखवतो ना. हा घ्या. दोन्ही दात. आता सांगा.

ताई : हा पण फिका.

दुरुस्तीवाला : हाही?

ताई : हाही. तसाच. जरा पुढे घे. नाही. तसाच आहे. तुला कसा दिसतोय?

दुरुस्तीवाला : मला, म्हणजे, मला यातलं काय कळतं.

ताई : कळत नाही तेच चांगलं. डावा पिवळा की उजवा?

दुरुस्तीवाला : जाऊ द्या ना ताई. दुसरं बघू काहीतरी.

ताई : मी विचारतेय तुला.

दुरुस्तीवाला : डावा. म्हणजे बराच. चहाचा कप न धुता ठेवला की आत कसा रंग बसतो, तसा.

ताई : आणि आमच्या स्क्रीनवर? तिकडे बघून सांग.

दुरुस्तीवाला : तिथेही डावाच. मघापासून मला तो डावाच दिसतोय. मला वाटलं तुम्ही याहून बारीक काहीतरी म्हणताय, ते आमच्यासारख्याला दिसत नसेल.

बाबू : तुझाही लॅपटॉप काय, चार वर्षांचा झालाय. त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? ताई, तू ऊठ. घरी जा. आज सकाळपासून काही खाल्लं नाहीस, झोपही झाली नसेल. मी डॉक्टरांना सांगतो दात उद्या देतो म्हणून.

ताई : बस खाली, बाबू.

बाबू : अगं, नुसतं थकल्यानं होतं असं.

ताई : बस म्हणते ना. मला कळत नाही असं वाटतं का तुला? मी सकाळी नऊ वाजता या खुर्चीत बसले, तेव्हा पहिल्या मिनिटाला माझ्या मनात काय आलं असेल? अण्णा आले. दुसरं कोण येणार? पण मी म्हटलं, नाही, काल तर सगळं व्यवस्थित दिसत होतं. काल संध्याकाळपर्यंत तांबूस झाकसुद्धा दिसत होती. माणसाचे डोळे एका रात्रीत जात नाहीत. म्हणजे मशीनच. म्हणून याला बोलावलं. तीन तास मी त्या एका गोष्टीला धरून बसलेय, की काल दिसत होतं.

दुरुस्तीवाला : अण्णा म्हणजे?

ताई : आमचे वडील. हे सगळं त्यांचंच. ही भट्टीपण. कवळ्या करायचे ते. साठीला आले आणि रंग कळेनासे झाले. मग जिन्याच्या पायऱ्या चुकायला लागल्या. मग मी खोलीत आले तरी विचारायचे, कोण आहे. डोळ्यांच्या आतला पडदा खराब होत गेला. घरात चालत येतो म्हणाले तो आजार. मी अठ्ठावन्नची आहे रे. मला फार भीती वाटतेय.

दुरुस्तीवाला : असं लगेच नका बोलू. तुम्हीच म्हणालात ना, काल दिसत होतं. मग काल आणि आजमध्ये काहीतरी बदललंच असणार. डोळे नाही बदलत एका रात्रीत, बरोबर आहे तुमचं. अजून एक जागा राहिलीये बघायची. या चित्रांच्या कार्डाचा स्वतःचा एक प्रोग्राम असतो. त्यातही रंगांची एक पट्टी असते.

बाबू : तिथे काही नसतं.

दुरुस्तीवाला : तुम्हाला माहितीये तो प्रोग्राम?

बाबू : नाही. मला कुठला माहीत असणार? आपलं म्हटलं, तिथे काय असणार.

दुरुस्तीवाला : बघायला काय जातंय? हे बघा, उघडला. ही रंगांची पट्टी. शून्य ते शंभर. पन्नासवर आहे, म्हणजे मूळची जिथे असायला पाहिजे तिथेच. पण काल कुठे होती ते कळेल. हा अपडेट करायच्या आधी जुनी सेटिंगं जपून ठेवतो. ही यादी. सापडलं, ताई. सापडलं बघा. काल पट्टी ब्याऐंशीवर होती. अपडेटनं ती पन्नासवर आणून ठेवली. एवढंच झालंय. उगाच घाबरलात तुम्ही.

ताई : खरंच?

दुरुस्तीवाला : खरंच म्हणजे काय, डोळ्यांसमोर आहे. ब्याऐंशी. त्याच्या आधी एकोणऐंशी. त्याच्या आधी पंचाहत्तर. सत्तर.

बाबू : मिळालं ना? मग पुरे. लाव ब्याऐंशी आणि बंद कर ते.

दुरुस्तीवाला : एक मिनिट. पासष्ट. साठ. ताई, हे तुम्ही थोडं थोडं वाढवत गेलात का?

ताई : मी? मी तर ही पट्टी जन्मात पहिल्यांदा बघतेय.

दुरुस्तीवाला : मग आपोआप तर नाही वाढत ही. कोणीतरी येऊन सरकवावी लागते. तारखा आहेत इथे. पहिल्यांदा सरकली ती नऊ महिन्यांपूर्वी. पन्नासची पंचावन्न. मग कधी महिन्यानं, कधी दीड-दोन महिन्यांनी.

ताई : वेळ आहे का लिहिलेली?

दुरुस्तीवाला : आहे.

ताई : मग वाच.

दुरुस्तीवाला : एक वाजून वीस. एक वाजून पंचवीस. एक चोवीस. ताई, मी काय म्हणतो, मी जरा खाली जाऊन येतो. फोन करायचाय एक.

ताई : तू कुठेही जायचं नाहीस. एक ते दोन मी घरी जेवायला जाते. मी गेले की या खोलीत कोण असतं, बाबू?

बाबू : ताई.

ताई : फाइल सापडत नाही म्हणून मला उठवणारा असतो.

बाबू : मी सांगणार होतो तुला.

ताई : काय सांगणार होतास? मला नीट सांग आता. त्याच्यासमोर सांग, नाहीतर तू शब्द गिळशील.

बाबू : दात परत यायला लागले होते. एखाददुसरा. डॉक्टर म्हणायचे, बाकीच्या दातांपेक्षा पांढरा पडलाय, किंवा राखाडी झालाय. तुझा दात कधी परत आला होता सांग. बत्तीस वर्षांत नाही. मी तो घेऊन ठेवायचो. तू गेलीस की पुन्हा चढवायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचो. मग मी बघायला लागलो तुझ्याकडे. तू फोटो अगदी नाकाला लावून बघायचीस. एकदा तू तळाचा तांबूस सोडूनच दिलास. समोर ढळढळीत होता, आणि तू सोडून दिलास.

ताई : आणि मला बोलला नाहीस.

बाबू : नाही बोललो. एका ठिकाणी विचारलं, त्यांनी ती पट्टी दाखवली. मी सरकवली जराशी. त्या दिवशी तू जेवून आलीस, बसलीस, आणि म्हणालीस, आज कसं छान लख्ख दिसतंय रे. मला वाटलं चला, सुटलो. महिनाभर एकही दात परत आला नाही. मग पुन्हा एक आला. मग पुन्हा सरकवली. दर वेळी म्हणायचो, ही शेवटची. पुढच्या आठवड्यात तिला बसवून सांगू.

ताई : नऊ महिने पुढचा आठवडा उजाडला नाही.

बाबू : तू हसत होतीस ग. काम करता करता तू आपली बडबडत होतीस, या बाईचे दात बघ, त्या गृहस्थाचे दात बघ, नक्की विड्या ओढतो म्हणून. ते सगळं मी एका वाक्यानं बंद करायचं? आणि तू तरी अण्णांच्या वेळी काय केलंस?

ताई : तो विषय काढू नकोस.

बाबू : का काढू नको? स्टूल मी धरायचो. तू वर चढून त्यांच्या टेबलावरचा दिवा बदलायचीस. साठचा काढून शंभरचा, शंभरचा काढून दोनशेचा. मला म्हणायचीस, ओठ शिवून बस, अण्णांना कळता कामा नये. ते म्हणायचे, आज उजेड चांगला आहे. आणि तू म्हणायचीस, हो अण्णा, आज ऊन स्वच्छ पडलंय. मी तेरा वर्षांचा होतो. तुझ्याकडूनच शिकलो ना मी.

ताई : शिकलास. मग पुढचंही शिकायचं होतंस. आठ महिने मी दिवे बदलले. नंतर त्यांना नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला काय, आईलासुद्धा नाही सांगितलं.

बाबू : काय सांगितलं?

ताई : की सुरुवातीला आणलं असतं तर होतं तेवढं तरी टिकवता आलं असतं. आता उशीर झाला. इतकी वर्षं ते माझ्या छातीवर आहे. दिवा मी बदलला आणि उशीर मी केला. तुझ्यापासून लपवलं ते तुला त्याचा त्रास नको म्हणून. आणि तू नेमकं तेच माझ्याबरोबर केलंस.

बाबू : मला हे माहीत नव्हतं ताई. देवाशपथ माहीत नव्हतं. मला वाटायचं अण्णांचं काही होण्यासारखंच नव्हतं. म्हणून म्हटलं, होण्यासारखं नाहीच, तर निदान चालतंय तोवर तिला सुखानं काम करू दे.

ताई : माहीत असतं तर?

बाबू : तर तुला उचलून नेलं असतं मी.

दुरुस्तीवाला : ताई, पाणी देऊ का?

ताई : नको. तू एक कर. ती पट्टी पुन्हा एकदा ब्याऐंशीवर ने.

बाबू : हो, ने बाबा. निदान आजचा दिवस.

ताई : तू गप्प बस. मला बघायचंय. ने तू.

दुरुस्तीवाला : नेली.

ताई : अरे देवा. हे बघ. हे बघ की. डावा पिवळा. तळाला तांबूस आहे, टोकाला काचेसारखी निळी रेघ आहे. हे सगळं आहे तिथे. केवढा सुंदर दात आहे बाईचा.

दुरुस्तीवाला : दिसतंय ना?

ताई : सगळं दिसतंय. तुला कसं दिसतंय? खरं सांग. माझ्या तोंडाकडे बघून नाही, स्क्रीनकडे बघून सांग.

दुरुस्तीवाला : मला भडक दिसतंय, ताई. हिरड्या तर अशा दिसतायत की कोणी ओला रंग फासून ठेवलाय. मला फार वेळ बघवणार नाही हे.

ताई : काल मी दिवसभर याच्यासमोर बसले होते. मला काहीच भडक वाटलं नाही. उलट संध्याकाळी जाताना मनात आलं होतं की याला म्हणावं, जरा उजळ करता येईल का बघ.

बाबू : ताई, असू दे ना ब्याऐंशीवर. लागलं तर नव्वद करू. शंभरपर्यंत जागा आहे अजून.

ताई : आणि शंभर झाल्यावर? मग काय करशील, दात रंगवून आणशील? पन्नासवर आण रे ती.

दुरुस्तीवाला : आणू ना?

ताई : आण. आणि तिला कुलूप घालता येतं का? म्हणजे कोणी दुपारी येऊन सरकवणार नाही असं?

दुरुस्तीवाला : पासवर्ड टाकता येईल. मी सांगतो तो तुम्ही लिहून ठेवा.

ताई : मला नको. तूच ठेव तुझ्याकडे. मी मागितला तरी देऊ नकोस. उद्या मलाच मोह होईल.

दुरुस्तीवाला : बरं. झालं. ताई, माझी आत्या अशीच घाबरली होती. तिला मोतीबिंदू निघाला, आठ दिवसांत नीट झाली. सगळ्यांचं वडिलांसारखंच होतं असं नाही.

ताई : तुझ्या तोंडात साखर पडो. पण ते मला स्क्रीन बघून कळणार नाही, आणि तुला तर नाहीच. बाबू, तो दात तू कर. फोटो बघ आणि पावडरी तूच काढ. नाहीतरी तूच करतोयस ना इतके दिवस. तळाचा तांबूस विसरू नकोस, फार नाही, चिमटीभर. आणि टोकाला निळा अगदी हलका.

बाबू : तू बसतेस ना शेजारी?

ताई : नाही बसत. मी फोन करतेय. त्याला दात करू दे. तू लाव रे जरा. त्या चौकातल्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर त्या डायरीत आहे, पहिल्याच पानावर. अण्णांच्या वेळचा आहे, पण तोच आहे अजून.

दुरुस्तीवाला : लावला. वाजतोय. घ्या.

ताई : हॅलो. मला डॉक्टरांना दाखवायचंय. उद्या नको, आजच. कितीही वेळ बसायला लागलं तरी बसते. … हो, वडिलांना होता, दोन्ही डोळ्यांना. तुमच्याकडेच होते ते. … मला रंग नीट कळत नाहीत. उजेड टोचतो. … हो, पाणीही येतं. … कधीपासून? थांबा हं, एक मिनिट. बाबू, त्या विचारतायत नक्की कधीपासून होतंय. पहिल्या दिवसापासूनचं सांगा म्हणतायत. त्यावरच औषध ठरतं म्हणे.

बाबू : सांग की नऊ महिने. आहे ना तिथे तारीख.

ताई : ती पट्टी सरकवल्याची तारीख आहे. त्याच्या आधी दात परत येत होते म्हणालास. हा घे फोन. मला सांगू नकोस. त्यांना सांग.

बाबू : हॅलो. मी भाऊ बोलतोय त्यांचा. … हो, मला माहितीये कधीपासून. … दोन वर्षं होतील आता.